फिश टँक धुवायचा नसतो

वसुबारसेच्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अरे, जरा वर येतोस का? मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडतायत. दोन तर गेलेच." मी गेलो तेव्हा टँक लखलखत होता. काच इतकी स्वच्छ की पाणी आहे की नाही ते कळू नये. "रविवारीच पूर्ण धुतला रे. खडे गरम पाण्यातून काढले, काच आतून-बाहेरून घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा करून आणला. आता आणखी काय करायचं राहिलं होतं?"

हा प्रश्न मला दर दिवाळीच्या आगेमागे कुणी ना कुणी विचारतंच. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण यांत दोन-तीन महिने टँककडे बघणंच होत नाही. पाणी पिवळट दिसायला लागतं, काचेवर हिरवं चढतं आणि येता-जाता मनाला टोचत राहतं. मग एका सुट्टीच्या दिवशी तीन तास घालून सगळं चकाचक करायचं, आणि दोन-तीन दिवसांत मासे मरायचे. माझ्या पहिल्या टँकचं असंच झालं होतं. एवढी मेहनत केल्यावर गेले, हे जास्त लागतं. पुष्कळ जण तिथेच मासे पाळणं सोडतात आणि "आपल्याला वेळ देता येत नाही" असं म्हणून स्वतःला दोष देतात.

वेळ कमी पडतो हे खरंच आहे. पण मासे बहुतेक वेळा दगावतात ते त्या तीन तासांमुळे. असं का होतं हे एकदा नीट कळलं, की आठवड्याला वीस मिनिटं पुरतात. मी बारा वर्षं तेवढ्यावरच टँक चालवतो आहे.

## तीन बादल्यांतला संसार

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. नदीत, तळ्यात हे चालून जातं, कारण तिथे एका माशाच्या वाट्याला अमाप पाणी असतं. आपल्याकडे सर्रास दिसणारा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असतो. काठोकाठ भरला तर त्यात ५६ लिटर पाणी मावतं. खडे टाकून आणि वर दोन-तीन बोटं जागा सोडून प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटर राहतं. म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या.

या तीन बादल्यांतलं खरं विष डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव अमोनिया. न धुतलेल्या मुतारीत नाकाला झोंबतो तोच हा. माशाच्या शरीरात प्रथिनं वापरली गेली की अमोनिया तयार होतो, आणि त्याचा मोठा भाग मासा कल्ल्यांमधूनच पाण्यात सोडतो. न खाल्लेलं खाद्य, कुजलेलं पान, खड्यांमध्ये मरून पडलेली गोगलगाय, यांतूनही शेवटी अमोनियाच निघतो. एक ग्रॅम सुकं खाद्य माशांच्या पोटात गेलं, तर त्यातून साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. ५० लिटर पाण्यात हा लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास होतो. टेस्ट किटवर, म्हणजे पाण्यात थेंब टाकून अमोनिया मोजायच्या संचावर, एवढा आकडा दिसला तर मी त्या दिवशी खाद्य बंद करतो. हा झाला एका ग्रॅमचा हिशेब. आपण रोज दोन्ही वेळा चिमटी सोडतो, मुलं गुपचूप तिसऱ्यांदा सोडतात.

म्हणून पाणी स्वच्छ दिसतं याचा अर्थ ते माशाला सोसणारं आहे असा होत नाही. काकूंच्या टँकमध्ये त्या सकाळी कचऱ्याचा एक कण नव्हता, आणि पाण्यात अमोनिया होता.

## विरजण

मग सगळ्यांचे मासे आठवड्याभरात का मरत नाहीत? कारण टँकमध्ये माशांखेरीज आणखी कुणीतरी राहतं. काही जिवाणू अमोनियावरच जगतात. ते त्याचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. एअर पंप चालू असतानाही मासे वर येऊन धापा टाकतात, त्यामागे कधी कधी हे कारण असतं. जिवाणूंचा दुसरा गट या नायट्राइटवर जगतो आणि त्यापासून नायट्रेट बनवतो. नायट्रेट मासा बऱ्याच प्रमाणात सोसू शकतो. नावं विसरलात तरी चालेल. जालीम विष, मग दुसरं विष, मग सौम्य घाण, एवढा क्रम लक्षात ठेवा. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतल्या जिवाणूंचं हे काम दाखवून दिलं. शेतात शेणखत टाकलं की पिकाला नत्र मिळतं तेही याच वाटेने.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. फिल्टरचा स्पंज, खडे, काचेचा मागचा भाग, शोभेचं लाकूड. स्पंजला बोट लावलं की जो बुळबुळीत थर लागतो, त्यातच त्यांची वस्ती असते. आपल्याला ती घाण वाटते.

ज्यांच्या घरी रोज दही लागतं त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. विरजणाचं भांडं कुणी विम घालून घासत नाही, घासलं तर उद्याचं दही कशाने लावणार? फिल्टरचा स्पंज हे टँकचं विरजण आहे. फरक एकच. दह्याचे जिवाणू एका रात्रीत पातेलंभर दूध लावून टाकतात. हे मात्र फार सावकाश वाढतात. चांगल्या परिस्थितीतही दुप्पट व्हायला त्यांना साधारण एक दिवस लागतो. म्हणूनच नवा टँक माशांसाठी पूर्ण तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. दुकानातून टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणले की पहिल्या पंधरवड्यात मासे दगावतात, त्याचंही कारण हेच.

दुकानात मिळणारं ते निळं औषध, मिथिलिन ब्लू, दर वेळी पाणी बदलताना दोन थेंब टाकायची सवय पुष्कळांना असते. बुरशी झालेल्या माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून ते देतात, तिथे त्याचा उपयोग आहे. मुख्य टँकमध्ये टाकलं तर ते या जिवाणूंनाही मारतं. निरोगी टँकला कुठल्याही रंगाचं औषध लागत नाही.

## मग मोठ्या साफसफाईत नेमकं काय होतं?

काकूंच्या रविवारचं एकेक काम घेऊ. खडे गरम पाण्यातून काढले, तिथे खड्यांवरची वस्ती गेली. स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला, तिथे उरलेली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पालिकेचं पाणी जंतुमुक्त राहावं म्हणूनच ते घालतात, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावं लागतं. आपल्या पोटाला त्याचा त्रास नाही. माशाच्या कल्ल्यांना आणि स्पंजमधल्या जिवाणूंना आहे. त्या दिवशी नवं पाणी नळाला पाइप लावून थेट टँकमध्ये सोडलं होतं.

म्हणजे रविवारी संध्याकाळी टँकमध्ये ताजं पाणी होतं, नऊ मासे होते, आणि अमोनिया खाणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. माशांनी सोमवारी खाल्लं, मंगळवारी खाल्लं. अमोनिया साठत गेला.

आता एक अवघड वाटणारा भाग सांगतो, कारण तो कळला नाही तर माणूस म्हणतो, "ठीक आहे, पुढच्या वेळी सगळं नाही, अर्धंच पाणी बदलेन," आणि तरीही मासे मरतात.

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कार्बोनेट नावाचे क्षार विरघळलेले असतात. ते पाण्यातलं आम्ल शोषून घेतात, पोटात जळजळ झाल्यावर खाण्याचा सोडा काम करतो तसे. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा थोडं थोडं आम्ल तयार होत असतं. दोन-तीन महिने पाणी बदललंच नाही तर कार्बोनेट संपत जातात आणि पाणी आम्लधर्मी होतं. पाण्याची आम्लता मोजायच्या मापाला पीएच म्हणतात. ७ म्हणजे मधोमध, खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्कली. जुन्या, दुर्लक्षित टँकमध्ये पीएच ६ पर्यंतही उतरलेला असतो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो.

पण मासे मरत नाहीत. कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. पीएच ७ असताना विषारी रूपाचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी असतं. पीएच ८ झाला की ते शंभरात पाचाच्या वर जातं. दर एका अंकाला साधारण दहा पट. मासे हळूहळू खालावणाऱ्या पाण्याला सरावलेले असतात. आणि मग आपल्याला एक दिवस रजा मिळते. आपण अर्धं पाणी काढतो आणि ताजं, पीएच ८ च्या जवळपासचं पाणी ओततो. अमोनिया निम्मा झाला, पण उरलेल्यातला विषारी हिस्सा कित्येक पटींनी वाढला. संध्याकाळपर्यंत मासे आडवे.

म्हणून तीन महिने हात लावला नसेल, तर एकदम काहीही करू नका. एका दिवसाआड अर्धी बादली पाणी काढा, तेवढंच क्लोरीन नसलेलं पाणी घाला. असं दोन आठवडे करा. त्या काळात खाद्य निम्मं ठेवा. टँक बाहेरून घाणच दिसेल. दिसू द्या.

## आठवड्याला एक बादली

एरवीच्या कामाला माझ्याकडे एक साधं माप आहे. दोन फुटी टँकला आठवड्याला एक बादली. तीन बादल्यांच्या टँकमधलं एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदललं जातं, आणि उरलेल्यात मासे बिनघोर राहतात.

शनिवारी रात्री मी बादलीत पाणी भरून तोंड उघडं ठेवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्लोरीन उडून जातं आणि पाणी खोलीच्या तापमानालाही येतं. विसरलो तर अँटी-क्लोरीनचे थेंब घालतो, ते काही क्षणांत काम करतात. ही बादली फक्त टँकची. तिला साबण, फिनेल, कपड्यांची पावडर कधीही लागू द्यायची नाही.

रविवारी संध्याकाळी आधी फिल्टर आणि हीटरचे प्लग काढतो. ओल्या हाताने करायचं काम आहे, हे आधी. मग जाडसर पारदर्शक नळी पाण्याने पूर्ण भरून दोन्ही टोकांवर अंगठे धरतो, एक टोक टँकमध्ये, दुसरं खाली रिकाम्या बादलीत. अंगठे सोडले की पाणी आपोआप वाहायला लागतं. वरचं टोक खड्यांत खुपसलं की खड्यांतून तपकिरी धूर उठतो आणि नळीतून खाली जातो. तो माझा आवडता क्षण आहे. एका रविवारी डावीकडचे खडे, पुढच्या रविवारी उजवीकडचे. सगळे एकदम कधीच नाही. बादली भरली की नळी वर उचलायची.

काचेची फक्त समोरची बाजू पुसतो, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने. मागची आणि बाजूची काच हिरवी राहिली तर माशांचं काही बिघडत नाही. महिन्यातून एकदा, किंवा फिल्टरची धार बारीक झाली की, स्पंज काढून त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळतो. स्पंज तपकिरीच राहतो. तसाच राहिला पाहिजे. मग साठवलेलं पाणी तांब्याने हळूहळू ओतायचं, प्लग लावायचे, झालं. बादलीतलं घाण पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जातं. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खतच. टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलं असेल तेवढ्या वेळी मात्र झाडांना देऊ नये.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर तेच पाणी नेहमी वापरा, मधूनच आरओचं घालू नका. आरओ मशीन कार्बोनेटही काढून टाकतं, आणि वर सांगितलेला सगळा घोळ तिथून लवकर सुरू होतो.

## "फिल्टर आहे ना, मग पाणी कशाला बदलायचं?"

फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करून देतो. नायट्रेट टँकच्या बाहेर नेत नाही. समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं. काहीच केलं नाही तर आठ आठवड्यांत ८० होईल आणि वाढतच जाईल. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदललं तर ते ४० च्या वर कधीच जात नाही. ४० वर पोचलं की एक चतुर्थांश गेलं, ३० उरलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा ४०. करून बघा, आकडा तिथेच अडकतो. आठवड्याची ती एक बादली एवढं काम करते.

"आम्ही पाणी कमी झालं की वरून घालतो" असंही सांगतात. आमटी गॅसवर राहिली की आटते आणि खारट होते, कारण वाफ पाण्याची होते, मीठ पातेल्यातच राहतं. टँकचंही तसंच. वरून घातलेल्या प्रत्येक तांब्याबरोबर नवे क्षार येतात, जुने कुठेच जात नाहीत. आधी काढायचं, मग घालायचं.

## "तेवढाही वेळ नाही, म्हणून छोटा बाऊल घेतला"

हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, आणि माशांना तो फार महागात पडतो. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. पाच लिटरच्या बाऊलमध्ये एक चिमूट जास्तीचं खाद्य म्हणजे संकट. ५० लिटरमध्ये तीच चिमूट खपून जाते. शिवाय पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात २० अंश तापमानाला जेमतेम ९, आणि मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसात. बाऊलचं तोंड अरुंद, त्यामुळे हवेतून आत येणाराही कमी. फायटर मासा वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून बाऊलमध्ये तग धरतो, पण अमोनियापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

ज्याला वेळ कमी आहे त्याने टँक मोठा घ्यावा आणि मासे कमी ठेवावेत. आपल्याकडे वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायची पद्धत पडली आहे. काकूंकडेही तेच होते. दुकानात ते दोन इंचांचे दिसतात. पण गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला मासा. नीट सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा वर्षांच्या वर जगतो. खातो भरपूर, घाणही भरपूर. नऊ गोल्डफिश तीन बादल्यांत ठेवले तर रोज पाणी बदललं तरी पुरणार नाही. तेवढ्याच टँकमध्ये आठ-दहा छोटे टेट्रा किंवा पाच-सहा नर गप्पी मजेत राहतात. नरच सांगतो, कारण माद्या आणल्या की दर महिन्याला पिल्लं होतात, आणि पुन्हा टँक भरतो.

वेळ वाचवणारी आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत आधीच आहे. मनी प्लांट. त्याची फांदी अशी लावा की मुळं टँकच्या पाण्यात आणि पानं बाहेर हवेत राहतील. महिनाभरात मुळांची जटा होते आणि ती नायट्रेट ओढून घेते. जावा फर्न, अनुबियास या पाण्यात वाढणाऱ्या झाडांना कमी उजेड पुरतो आणि छाटणी क्वचितच लागते. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा जास्त नको, नाहीतर काचेवर शेवाळ येतं. साधा टायमर लावून दिला की तेही डोक्यातून जातं.

खाद्य दिवसातून एकदाच. दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. मासा थंड रक्ताचा प्राणी, शरीर गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. मासे काचेपाशी येऊन तोंड हलवतात ते प्रत्येक वेळी भुकेने नसतं, तुम्ही आलात हे त्यांनी ओळखलेलं असतं.

## गणपतीला कोकणात जायचंय

जा. मोठे, निरोगी मासे पाच-सात दिवस न खाता आरामात राहतात. निघायच्या दोन-तीन दिवस आधी नेहमीची बादली बदला. आदल्या रात्री घाईघाईने काही करू नका. सुट्टीसाठी म्हणून दुकानात मिळणारी खाद्याची वडी टाकू नका, ती विरघळून पाणी बिघडवते. दहा-पंधरा दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका. औषधाच्या पुड्यांसारख्या एकेका वेळेच्या पुड्या बांधून, वर तारीख घालून द्या, आणि उरलेला डबा कपाटात ठेवा. शेजाऱ्याला माशांची दया येते आणि तो भरपूर घालतो. मी परत आलो तेव्हा पाणी दुधासारखं झालेलं पाहिलं आहे.

वीज गेली तर? चार तास काही होत नाही. त्याहून जास्त गेली तर खाद्य बंद करा आणि अधूनमधून मगाने पाणी वरून धार धरून ओता. बुडबुड्यांपेक्षा पाण्याचा पृष्ठभाग हलल्याने प्राणवायू जास्त मिसळतो. ज्यांच्याकडे रोजच वीज जाते त्यांनी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद पडला असेल, तर चालू करण्याआधी आतलं कोंडलेलं पाणी ओतून द्या.

## "मासा गेला म्हणजे घरावरचं संकट घेऊन गेला"

काकूंनी हेही हळूच विचारलं. ज्यांची अशी श्रद्धा आहे त्यांचं मन मला दुखवायचं नाही. पण असं म्हटलं की आपण पाणी तपासत नाही आणि दुकानातून दुसरा मासा आणून सोडतो. त्याच पाण्यात. एक मासा अचानक गेला तर त्या दिवशी टेस्ट किटचे थेंब घालून अमोनिया आणि नायट्राइट बघा. दोन्ही शून्य असायला हवेत. नसतील तर बाकीच्या माशांचा जीव अजून तुमच्या हातात आहे.

आणि कधी असंही होतं की बाळ झालं, बदली झाली, आता खरंच जमत नाही. मग मासे दुकानदाराला परत द्या, ओळखीत कुणाला द्या. नदीत किंवा तलावात मात्र सोडू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा टँकमध्ये चार इंचांचा असतो, पुढे फूट-दीड फूट होतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा आज उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याला बाजारात कुणी विचारत नाही, त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि स्थानिक माशांची जागा जाते. उजनीत तो कुणाच्या ना कुणाच्या टँकमधूनच पोचला असणार. आपला एक मासा आपण "जीव वाचवला" म्हणून सोडतो आणि तिथल्या माणसांच्या पोटावर येतं.

## काकूंचा टँक

त्या सकाळी आधी खाद्य बंद केलं. अँटी-क्लोरीन घालून एक तृतीयांश पाणी बदललं आणि पुढचे दहा दिवस रोज तेवढंच बदलत राहिलो. मग मी घरी गेलो, माझ्या फिल्टरमधला तपकिरी स्पंज कात्रीने अर्धा कापला, टँकच्याच पाण्यात बुडवून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वर नेऊन काकूंच्या फिल्टरमध्ये बसवला. विरजण नेऊन द्यावं तसं. फिल्टर चालू केल्यावर पाणी गढूळ झालं. काकू म्हणाल्या, "अरे, एवढी मेहनत करून धुतलेला टँक!" म्हटलं, "काकू, संध्याकाळपर्यंत निवळेल."

आणखी दोन मासे गेले. पाच वाचले. त्यातले तीन त्यांच्या भाच्याकडच्या मोठ्या टँकमध्ये गेले, दोन राहिले, त्यांत तो काळा आहे. हे दोघे वाढले की तीन बादल्या पुरणार नाहीत हेही काकूंना सांगून ठेवलंय. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी त्यांचं कॅलेंडर आहे. दुधाचे, गॅसचे, कामवाल्या मावशींच्या खाड्यांचे आकडे त्यावर असतात. आता दर रविवारच्या चौकोनात निळ्या पेनाने एक छोटा "बा" लिहिलेला दिसतो.